वीतभर वरून

४ फेब्रुवारी, मंगळवार

अडथळे चार. दीड इंची चौकोनी पाइप, वरची पट्टी सागाची, कडा रंध्याने गोल केलेल्या, रंगाचे तीन हात. पाया पुढेही आणि मागेही — बैल धडकला तरी पडायचे नाहीत. सुरुवातीचे ठोकळे एक जोड, पाच खाचांचे. ओढगाडी एक, खाली जाड पत्रा, कमरेचा पट्टा ट्रकच्या सीटबेल्टचा. वाळूच्या पिशव्या सहा, ताडपत्रीच्या; दुहेरी शिवण, तीही माझीच. उड्यांच्या पेट्या तीन, एकीत एक बसणाऱ्या. लोंबायचा दांडा. तोल धरायची फळी. भंगारातल्या लिफ्टच्या कप्पीवर चालणारं वजन ओढायचं यंत्र — कप्पीचा आवाज येत नाही, येऊन ऐकावं कोणीही. शिवाय धावणारी मुलगी एक. जन्म हिने दिला, मान्य. धावायला कोणी शिकवलं?

हे सगळं माझ्या हातचं. वर्कशॉप आणि शीतगृहाची भिंत यांच्यामधल्या बोळात मांडलेलं. पन्नास मीटर बोळ, फरशी मी घातली, उतार पाण्यासाठी एका बाजूला.

आणि आज एक पोरगी येते, गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, सगळीकडे एकदा नजर फिरवते आणि म्हणते, "भारीच जुगाड केलाय, काका!"

जुगाड! जुगाड म्हणजे सुतळीने बांधलेला पंखा. जुगाड म्हणजे चपलेला टाचणी. हे जुगाड?

आणि मी हिचा काका कधीपासून?

ही मैदानावरची नवी प्रशिक्षक. दोन महिने झाले तिला लागून. त्या जागेसाठी मीही गेलो होतो. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "पदवी?" मी म्हटलं, मुलगी धावताना बघा. म्हणाला, "मुलीची नाही, तुमची." बरं! मी आठवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. गेटं, ग्रिल, जिने करत करत जे वाचलं ते वाचलं. रद्दीच्या दुकानातून व्यायामशास्त्राची एवढी पुस्तकं आणली की रद्दीवाला मला प्राध्यापक समजून भाव वाढवायचा.

शिट्टी — तिला मी शिट्टीच म्हणणार — म्हणाली, "रविवारी मुलीला मैदानावर आणा ना. चाचणीआधी पूर्ण लांबी पळायला हवी तिने." एवढं मात्र बरोबर. बोळात चारच मावतात, शर्यतीत दहा असतात.

आणेन. बघेल मग.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मैदानाच्या कार्यालयात तक्ता लावलाय शिट्टीने. रंगीत. "सुदृढतेचे घटक". आरोग्याचे पाच, कौशल्याचे सहा. ताकद, दमसास, लवचिकता, चपळता, वेग, तोल, समन्वय... प्रत्येकाशेजारी एक हसणारा माणूस काढलाय. दमसासवाला माणूस हसतोय! ज्याला दम लागलाय तो हसत नसतो बाई. त्याला शिव्या सुचत असतात.

खाली तत्त्वं. अतिभार — शरीराला सवयीपेक्षा जरा जास्त द्यायचं. क्रमाने वाढवायचं. विश्रांती द्यायची. विशिष्टता — ज्याचा सराव कराल तेच शरीर शिकेल, दुसरं नाही. सराव सुटला की कमावलेलं गळतं.

सगळं खरं आहे. खोटं काही नाही. पण भिंतीवर लावून काय होतं? माझ्याकडे एकही तक्ता नाही. माझ्याकडे तत्त्वं उभी आहेत, हाताने हलवता येतात. ओढगाडीत एक पिशवी वाढवली की अतिभार. पेटीवर पेटी चढवली की क्रम. विशिष्टता हवी? पट्टी जमिनीपासून किती आणि अडथळ्यात अंतर किती, टेप लावून बघा. केसाचा फरक निघाला तर वर्कशॉपला कुलूप लावीन.

कमावलेलं गळतं याचा नमुना आमच्याच घरात येऊन बसतो — हिचा भाऊ. गेल्या उन्हाळ्यात त्या आरशांच्या जिममध्ये वर्षाचे पैसे भरले, तीन आठवडे गेला, शंभर फोटो काढले. आता पोट पुन्हा शर्टाची बटणं मोजतंय. आज चहाला आला होता. "भाऊजी, मुख्य म्हणजे शिस्त हो! आणि प्रथिनं." तोंडात चौथं बिस्कीट होतं हे म्हणताना.

मी म्हटलं, "तुमच्या शरीराला विश्रांतीचं तत्त्व तेवढं कळलंय."

ही माझ्याकडे बघतच राहिली. बघू दे.

पोरगी हसली. ती हसली की पुरे.

८ फेब्रुवारी, शनिवार

ओढगाडी, मग विश्रांती, मग चार अडथळे, पुन्हा पुन्हा. एकालाही स्पर्श नाही. सरळ रेषेत. बघत राहावं असं.

चाचणी तेवीसला. निवासी क्रीडाकेंद्र अडथळ्यांच्या मुली दोनच घेतं. राहणं, खाणं, डॉक्टर, परदेशी शर्यती, सगळं त्यांचं. पुढच्या वर्षी पोरीचं वय बसत नाही. म्हणजे हीच एक संधी. पोरगी बोलत नाही, पण बुटाच्या नाड्या तीन-तीनदा बांधते.

९ फेब्रुवारी, रविवार

डोकं तापलंय. नीट लिहितो.

मैदान. ऊन नुकतं वर आलेलं. मी नेहमीसारखा तिसऱ्या अडथळ्यापाशी, बाहेरच्या बाजूला, हात मागे बांधून. तिथून पायाचा कोन दिसतो. पोरगी पळाली. दहाच्या दहा, एकालाही न शिवता. मैदानाच्या अडथळ्यांच्या पट्ट्या प्लास्टिकच्या, मागे पायाच नाही, मागचा पाय टेकला तरी लवून कोसळतात. लटपटणारी खेळणी! तरी एकही हलला नाही.

मी शिट्टीकडे बघितलं. म्हटलं आता बोल.

म्हणाली, "काका, ती एकाही हर्डलला शिवत नाही."

"तीन वर्षांत नाही," मी म्हटलं.

"तेच म्हणतेय ना मी. तेच चुकतंय."

मी ऐकूनच घेतलं नाही. ती पुढे बोलतच राहिली. "इथे उंच उडी नाहीये, काका. पळणंच आहे. पट्टी घासून गेली, एखादी पडली तरी चालतं, बाद नाही करत. ही प्रत्येकावरून घार जाते तशी जाते. जमिनीवर पाय असला तर वेग ना! हवेत फक्त खर्च." मग मान खाली घालून, "राग मानू नका."

राग? मला? कालच्या पोरीचा?

मी म्हटलं, "तुझे ते खुळखुळे अडथळे आहेत म्हणून पोरं त्यांना लाथा मारतात. पडणारा अडथळा हा अडथळाच नव्हे. माझ्याकडे शिकलेली मुलगी कशाला पाय लावत नाही." हे मी जरा मोठ्याने म्हटलं. बाकीची पोरं थांबून बघायला लागली.

येताना अर्ध्या रस्त्यात पोरगी म्हणाली, "बाबा, ती वाईट नाहीये."

वाईट आहे असं कोण म्हणालं? अडाणी आहे. पदवीसकट.

१० फेब्रुवारी, सोमवार

घारीसारखी म्हणे!

११ फेब्रुवारी, मंगळवार

तिला खोटं पाडायचं तर मोजून पाडावं. तोंडाने कोणीही पाडतो.

दुपारी पोरगी कॉलेजातून आली. दोन गज उभे केले, पहिल्या अडथळ्याच्या दोन्ही टोकांना. मध्ये दोरा ताणला, पट्टीपासून चार बोटं वर. दोऱ्याला ओला चुना. म्हटलं, "पळ. नेहमीसारखी."

"हे काय?"

"पळ म्हटलं ना."

पळाली. चड्डीला, मांडीला — चुना कुठेच नाही. दोरा जसाच्या तसा.

सहा बोटं. नाही.

आठ. नाही.

मग मी बोटं मोजणं सोडलं आणि हात पसरला. वीत. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि माझी वीत लहान नाही. तेव्हा कुठे आतल्या मांडीवर पांढरी रेघ उमटली. पुसट.

"काय निघालं, बाबा?"

"काही नाही. चुना पातळ झालाय."

वीतभर! दहा अडथळे, प्रत्येकावर वीतभर. पट्टीची उंची मी टेप लावून केली, अंतर टेप लावून केलं, रंगाचे थर मोजले. आणि पट्टीच्या वर किती, हे तीन वर्षांत एकदाही मोजलं नाही. कारण तिथे काहीच नव्हतं ना! रिकामी हवा. हवेला टेप कोण लावतो?

कारणही मला ठाऊक आहे. चौदाची असताना पोरीने माझ्या अडथळ्याला नडगी आपटली. तो हलला नाही, हाडच दिसलं. टाके पडले. महिन्याभराने पुन्हा उभी राहिली ती अशी उडायला लागली. मी म्हणायचो, बघा काय सुंदर उचलते! तत्त्व भिंतीवर लिहिलेलंच आहे, शरीर जे शिकतं तेच शिकतं. तिच्या शरीराने पळण्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकून घेतली — लोखंड पडत नाही.

शिट्टी एका नजरेत बघून गेली. मला वीतभर चुना लागला.

तिला सांगणार नाही. तिला काय सांगायचं? तिचा तक्ता बरोबर आहे म्हणून?

१२ फेब्रुवारी, बुधवार

ग्राइंडर घेतला. चारही अडथळ्यांचे मागचे पाय कापले. कडा घासल्या, रंग लावला. पुढच्या पायात सरकती वजनं बसवली, आता बोटाने ढकललं तर पडत नाही, पण पायाने लागलं की लवतो. मैदानावरच्यांपेक्षा बरे पडतात. पडतानाही नीट पडतात, वेडेवाकडे नाही.

पोरगी बघत उभी. "बाबा, पाय का कापले?"

"गंजले होते."

"काल तर नव्हते."

"तुला गंजातलं काय कळतं?"

तिने वाकून एकाला बोट लावलं. तो कलंडला. तिने उचलून पुन्हा उभा केला. पुन्हा बोट लावलं. तीन-चार वेळा हेच. लहान मूल खेळतं तशी.

संध्याकाळी हिने विचारलं, "अहो, त्या बाईंनी सांगितलं म्हणून कापलेत का?"

मी जेवणावरून उठणार होतो. भाजी चांगली झाली होती म्हणून बसलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस झाले. अडथळे पडतात. पोरगी पाडत नाही.

म्हणजे पाडायला जातच नाही. मी सांगतो, "घास! पट्टीला घासून जा! पडू दे!" ती मान हलवते, पळते, आणि पट्टीवर आली की तिच्या आत काहीतरी उचललं जातं. जणू मी मागून चड्डीला धरून उचलतोय. दोरा लावला. वीत होती ती चार बोटांनी कमी झाली. बस्स.

उंची कमी करून बघितली. पट्टी दोन बोटं खाली. तरी तेवढीच उचलते — म्हणजे पट्टीपासून आणखीच वरून!

पुस्तकात लिहिलंय, सराव सुटला की कमावलेलं गळतं. ताकद गळते, दमसास गळतो, मेहुण्याचं तर सगळंच गळलं. मग भीती का गळत नाही? पोरीला नडगी लागून तीन वर्षं झाली. भीतीचा सराव तर कोणी केला नव्हता.

की केला होता? रोज, माझ्यासमोर?

सकाळी एक ग्राहक आला, गेटाची कडी बसत नाही म्हणून. त्याला बरंच बोललो. कडी बसत होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

मैदान. पुन्हा तिसऱ्या अडथळ्यापाशी उभा. पोरगी पळाली. वीत नाही, पण भरपूर. शिट्टी माझ्यापासून दहा हात दूर उभी. आता जवळ येत नाही.

मग त्या कडीवाल्याचा फोन. मैदानावर पोरं ओरडत होती म्हणून पाण्याच्या टाकीमागे गेलो. त्याला सांगितलं, कडी तेल मागतेय, तू माझं डोकं का मागतोस. फोन ठेवला. टाकीच्या आडून सहज बघितलं.

पोरगी पळत होती. खाली!

मी डोळे चोळले. पट्टीच्या अगदी अंगावरून, नडगी जमिनीला समांतर, पाय टेकला की लगेच पुढचा. चौथा अडथळा हलला. सहावा पडला. ती थांबली नाही. शिट्टी ओरडली, "असंच!" आणि पोरगी हसत परत येत होती. धापा टाकत आणि हसत. त्या तक्त्यावरच्या माणसासारखी.

मला वाटलं, योगायोग. परत जाऊन जागेवर उभा राहिलो, हात मागे.

पोरगी पळाली. घार.

म्हटलं पुन्हा बघू. तहान लागली म्हणून टाकीमागे. ती खाली. मी परत. ती वर. अतिभार नको, क्रम नको, काहीच नको — बटण दाबावं तसं. मी बटण.

चौथ्यांदा मी टाकीमागून बाहेर आलो तेव्हा शिट्टी माझ्याकडे बघत होती. तिलाही कळलं. मला वाटलं आता बोलेल. म्हणेल, काका, विशिष्टता. शरीर जागा शिकतं, आवाज शिकतं, माणूसही शिकतं. म्हटलं तर मैदानावरच दोन शब्द सुनावीन.

तिने पाण्याची बाटली पुढे केली. "तीनदा पाणी प्यायलात, काका. अजून देऊ?"

घेतली. गरम होतं पाणी. मैदानाच्या लोकांना साधं पाणी गार ठेवता येत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आता जोर कमी करायचे दिवस. चाचणीच्या आधीचा आठवडा शरीराला मोकळं सोडायचं, नाहीतर कमावलेलं अंगात मुरत नाही. यावर शिट्टीचं आणि माझं एकमत. लाज वाटते लिहायला.

पोरीला म्हटलं, "या आठवड्यात मैदानावरच जा. बोळात नको."

"का?"

"रंग वाळायचाय."

"रंग कधीच वाळलाय, बाबा." मग, "तू येणार आहेस ना, चाचणीला?"

"गेट बसवायचंय एकाचं."

"रविवारी?"

"गेटाला वार कळत नाही."

तिने एकदा माझ्याकडे नीट बघितलं. तिला काय कळलं, काय नाही, मला कळलं नाही. पोरगी हिच्यावर गेलीय. हिचंही मला कधी कळलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

घरात युद्ध.

ही म्हणते, "दहा वर्षं त्या पोरीच्या मागे शिट्ट्या मारत फिरलात, आणि परीक्षेच्या दिवशी गेट? कसलं गेट? त्या बाईशी वाकडं म्हणून पोरीला एकटं सोडताय?"

मी शिट्टी कधी मारत नाही. टाळी वाजवतो. एवढंच म्हटलं.

मेहुणा तेवढ्यात हजर. त्याला भांडणाचा वास चहासारखा येतो. "भाऊजी, मानसिक आधार फार महत्त्वाचा हो! मी जाऊ का सोबत?" जा बाबा. तू समोर उभा राहिलास तर तीच काय, कोणीही खालूनच जाईल. चहा संपवून गेला. जाताना माझी पाठ थोपटली! माझी पाठ!

हिला खरं सांगता आलं असतं. की मी दिसलो तर ती उडते. दोन वाक्यं. तोंडात आलीही होती. पण मग ही काय म्हणाली असती ते आधीच ऐकू आलं — "मग दहा वर्षं काय शिकवलंत?"

त्याचं उत्तर या घरात मी सोडून कोणाकडे नाही. आणि माझ्याकडचं तयार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेट वगैरे काही नव्हतं.

ही, मेहुणा आणि पोरगी सकाळीच गेली. मी मागून गेलो. मैदानाला मागच्या अंगाला सामानाची खोली आहे, मॅट आणि जाळ्या ठेवतात तिची. खोलीच्या दाराला कुलूप, पण भिंतीपलीकडे, कुंपणाच्या आत उभं राहता येतं. तिथून धावपट्टी दिसत नाही. मी दिसत नाही हे महत्त्वाचं. कुंपणाची वेल्डिंग बघत उभा राहिलो. कोणी केलंय हे काम? सांधे फोडासारखे फुगलेत, कातडं सोलून निघेल कोणाचं तरी. लोकांना लोखंड जाळता येतं, जोडता येत नाही.

लाउडस्पीकरवर मुलींची नावं. पोरीचं पाचव्या लेनमध्ये.

पिस्तूल.

मग काही दिसत नसताना ऐकणं. आठ मुलींचे पाय म्हणजे नुसता गोंधळ, त्यात आपली कोण हे कसं कळावं? पण कळलं. तिच्या पावलांचा ठेका मी दहा वर्षं ऐकतोय. अडथळा येतो तेव्हा त्या ठेक्यात एक खड्डा पडतो. पाय हवेत, आवाज नाही. तो खड्डा नेहमी लांब असायचा. आज लहान होता. टप-टप-टप, आणि लगेच पुन्हा टप.

मग खडखड! एक पडला. तिचाच. मला माहीत आहे, कारण खडखड तिच्याच खड्ड्यात झाली, आणि तरी ठेका मोडला नाही.

पुढे पुन्हा खडखड!

माझ्या मुठीत कुंपणाची तार होती. त्या फुगलेल्या सांध्याने तळवा सोलला. सांगितलं नव्हतं मी, कोणाचं तरी निघेल म्हणून!

लाउडस्पीकरवर निकाल — दुसरी आली. दोन घेतात. दुसरी!

टाळ्या, आरडाओरडा, त्यात मेहुण्याचा आवाज सगळ्यांत मोठा — जणू त्यानेच पळून दाखवलं. मी मागच्या वाटेने घरी. रस्त्यात एकट्याने हसत होतो म्हणून एक बाई बाजूला सरकली.

ती घरी आल्या आल्या, "बाबा, दोन पाडले!"

"पाडायचे नसतात," मी म्हटलं. "नीट उभे केलेले असतात ते."

ती गळ्यात पडली. हाताला काय झालं म्हणून विचारलं. गेट, म्हटलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

निवासी केंद्राचा प्रमुख वर्कशॉपवर आला. उंच, पांढरे केस, स्वतः अडथळ्यांवरून पळालेला माणूस, चालीवरून कळतं. शिट्टीने सांगितलं म्हणे त्याला, बोळ बघून या. ही बाई माझ्या मागे काय काय सांगत फिरते कोण जाणे!

पण हा बघणारा निघाला. जुगाड म्हणाला नाही. खाली बसून अडथळ्याच्या पायातली सरकती वजनं सरकवून बघितली. कप्पी ओढली, कान लावला. "आवाज नाही," म्हणाला. ठोकळ्यांच्या खाचांवरून अंगठा फिरवला. कापलेल्या पायाच्या जागी रंगाखालून एक रेघ दिसते, तिथे बोट थांबलं. वर माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं.

मग म्हणाला, "जरा बाहेर येता?" गेटाशी उभे राहून बोललो. फार वेळ नाही.

तो गेल्यावर ही पदराला हात पुसत आली. "काय म्हणाले?"

"अवजारांचं कौतुक केलं."

"एवढंच? अहो, मला वाटलं... एवढ्या लांबून आले. तुम्हाला काही विचारतील, काही म्हणतील..."

"मला कोण विचारतं? कागद कुठाय माझ्याकडे?"

तिने एक सुस्कारा टाकला. शेजारणीला सांगताना ऐकू आलं: "ह्यांचं आयुष्य त्या बोळात गेलं, पण कदर कोणाला आहे?" कदर नाही असं समजून ही माझ्यावर चार दिवस माया करते. तेही वाईट नाही.

२ मार्च, रविवार

पोरगी गेली. एक बॅग, एक पिशवी, बुटांचे दोन जोड. स्टँडवर शिट्टीसुद्धा आली होती. पोरीला गळ्यातली स्वतःची शिट्टी दिली. घ्या! तिकडे काय शिट्ट्या मिळत नाहीत?

बस सुटायच्या आधी पोरगी खिडकीतून म्हणाली, "बाबा, तू असतास तिकडे तर..."

"तर काय?"

"तर बरं झालं असतं."

"तुला बरं झालं असतं. तुझ्या अडथळ्यांना नसतं झालं," मी म्हटलं. तिला वाटलं मी थट्टा करतोय. हसली. बस गेली.

शिट्टी माझ्या शेजारी उभी होती. "काका," म्हणाली, "मैदानाला नवीन अडथळे हवेत. दहा. कराल?"

"तुझ्या मैदानाच्या कुंपणाचे सांधे आधी दुरुस्त करू दे," मी म्हटलं. "मग बघू."

कुंपण बघितलंत कधी, म्हणून तिने विचारलं नाही. एवढी अक्कल आहे तिला.

५ मार्च, बुधवार

प्रमुख गेटाशी काय म्हणाला ते हिला सांगितलेलं नाही, पोरीलाही नाही. इथे तरी खरं असू दे. म्हणाला, "मुलीबरोबर तुम्हीही या. तिचे प्रशिक्षक म्हणून. पदवीचं मी बघतो." मी नको म्हणालो. राहायला दोन खोल्या, महिना अठ्ठेचाळीस हजार.